परक्या कीबोर्डावर बसताना

(प्रस्तावना)

धामणगाव नावाची गावं आपल्या वऱ्हाडात एकाहून जास्त आहेत. अचलपूर तालुक्यात धामणगाव गढी आहे. बुलडाणा जिल्ह्यात मोताळ्याकडे धामणगाव बढे आहे. आणि मुंबई-नागपूर मार्गावर, बडनेरा आणि पुलगावच्या मधे, आमचं धामणगाव रेल्वे. नावापुढचं हे 'रेल्वे' बाहेरच्या माणसाला नवल वाटतं, पण त्याचा उपयोग आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. लग्नपत्रिकेवर नुसतं 'धामणगाव' छापलं की पाहुण्यांपैकी कुणीतरी भलत्याच गावी पोचतो. तिकीट काढताना मात्र असा घोळ होत नाही, कारण स्टेशनला कोड आहे, डीएमएन, आणि तो दुसऱ्या कुठल्याही स्टेशनचा नाही.

दूरच्या सर्व्हरवर लॉग-इन करण्याचा सगळा अभ्यास याच प्रश्नापासून सुरू होतो. मी उतरलो ते माझंच धामणगाव कशावरून? सर्व्हरचं नाव कुणीही लावू शकतो. म्हणून एसएसएच हा प्रोग्राम पहिल्या भेटीत सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवतो. 'एसएचए-256' अशी अक्षरं, त्यापुढे 43 अक्षरांची एक सलग ओळ, आणि खाली प्रश्न: पुढे जायचं का? आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर हा प्रश्न एकदाच येतो, कारण कॉम्प्युटर ठसा लक्षात ठेवतो. परक्या कॉम्प्युटरला ती ओळख नसते, त्यामुळे तिथे दर भेट पहिलीच. बहुतेक जण 'येस' टाइप करून मोकळे होतात. मीही कित्येक वर्षं तेच केलं.

ज्या यंत्रावर आपला ताबा नाही आणि ज्यावर आपल्याआधी कोण बसून गेलं हे माहीत नाही, अशा यंत्रावरून आपल्या स्वतःच्या पण दूरच्या यंत्रापर्यंत सुरक्षित कसं पोचायचं, हा या पुस्तकाचा विषय. वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आहेत ती अमरावती, अकोला, यवतमाळकडची मुलंमुली. कॉलेजातून बाहेर पडून कुणाचा तरी सर्व्हर सांभाळायला लागलेली, आणि मावशीकडे लग्नाला गेली असताना 'साइट बंद पडली' म्हणून फोन येतो तेव्हा मावसभावाचा लॅपटॉप उघडून बसणारी. त्यांना मी या विषयात मनापासून बोलावतो आहे. विषय छोटा दिसतो, पण आत शिरलं की गणित, इतिहास, कायदा आणि माणसाचा स्वभाव, सगळं एकाच टेबलावर येऊन बसतं.

आधी एक फरक नीट समजून घेऊ, कारण तो निसटला की पुढचं सगळं निसटतं. धोका दोन जागी असतो: तारेत आणि कीबोर्डात.

तारेतला धोका जुना. पूर्वी दूरच्या यंत्रावर जायला टेलनेट वापरत. त्यात पासवर्ड उघडाच्या उघडा जायचा आणि वाटेतला कुणीही तो वाचू शकायचा. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड गोळा केले. तिथल्या टाटू युलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. त्याला पोर्ट मिळालं 22. शेजारी 21वर एफटीपी, 23वर टेलनेट, आणि ज्या दोघांची जागा त्याला घ्यायची होती त्यांच्या बरोबर मधे हे नवं दार. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यातली स्वस्त खाती 'शेल' खाती होती. मोडेमवरून फोन लावायचा आणि काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करत निगमच्या यंत्रावर काम करायचं. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या पिढीचं इंटरनेट हेच मुळात दूरच्या यंत्रावरचं लॉग-इन होतं. ही गोष्ट आपण विसरलो आहोत. ती आठवावी असं मला वाटतं, कारण हा विषय बाहेरून आलेला नाही, आपण त्यातूनच आत आलो.

तारेचा प्रश्न एसएसएचने सोडवला आणि चांगला सोडवला. कीबोर्डाचा प्रश्न त्याने सोडवला नाही, कारण तो त्याच्या हातातच नव्हता. अक्षर कुलूपबंद होऊन तारेत शिरण्याआधी बोटाखालच्या बटणातून आणि समोरच्या यंत्रातून जातं, तिथे ते उघडंच असतं. न्यूयॉर्कमध्ये एका तरुणाने किंकोज या झेरॉक्स-दुकानांच्या कॉम्प्युटरांवर बटणं टिपणारे प्रोग्राम बसवले. दोनएक वर्षांत साडेचारशेच्या वर लोकांची नावं आणि पासवर्ड त्याच्याकडे जमा झाले. 2003 साली त्याने गुन्हा कबूल केला. त्या साडेचारशे जणांची तार कदाचित उत्तम कुलूपबंद असेल. त्याने त्यांना काहीच वाचवलं नाही.

माझी स्वतःची गोष्ट याच जातीची आहे. 2007ची दिवाळी. मी पुण्यात एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळायचो आणि सणाला घरी आलो होतो. पाडव्याच्या दुपारी फोन आला. घरी इंटरनेट नव्हतं. प्लायवुडच्या केबिन असलेल्या एका नेट कॅफेत बसलो. कीबोर्डावरची 'ए' आणि 'एस' ही अक्षरं झिजून गेली होती, माउसला टेकायला जुन्या वहीचा पुठ्ठा होता. मी स्वतःला सावध समजत होतो. पासवर्ड नाही, किल्ली वापरत होतो. खाजगी किल्लीची फाइल पेनड्राइव्हवर, तिला परवलीचं वाक्य. पेनड्राइव्ह लावला, वाक्य टाइप केलं, दहा मिनिटांत काम झालं, आणि फराळाला घरी आलो.

चौथ्या दिवशी आमचा सर्व्हर जगभर जाहिरातींचे मेल पाठवत होता. नोंदी उघडल्या तर रात्री तीन वाजता कुणीतरी आत आलं होतं, आणि नोंदीत नाव माझं होतं. किल्ली माझी, ठसा माझा. सर्व्हरने काहीच चूक केली नव्हती. त्याच्या दृष्टीने मीच आलो होतो. ज्या यंत्रात पेनड्राइव्ह खोचला त्या यंत्राने फाइल उतरवून घेतली होती, आणि वाक्य तर मी माझ्याच हाताने त्याला टाइप करून दिलं होतं. कॅफेच्या मालकाला याची खबर तरी होती का, हे मला कधीच कळलं नाही, आणि त्याच्यावर बोट ठेवावं असंही मला वाटत नाही. पुढे 2011 साली सायबर कॅफेंसाठी केंद्राचे नियम आले. ओळखपत्र बघा, नोंदवही किमान वर्षभर जपा, केबिनची भिंत साडेचार फुटांहून उंच नको. गिऱ्हाईक कोण, हे कायद्याने बघितलं. यंत्रात काय आहे हे गिऱ्हाइकाने कसं बघावं, याला मात्र उत्तर नव्हतं, आणि ते कायद्याने देता येण्यासारखंही नाही.

त्या दिवाळीनंतर मी हा विषय वाचायला लागलो, आणि पहिला धक्का बसला तो 1981 सालच्या एका अगदी छोट्या लेखाने. लेखक लेस्ली लॅम्पोर्ट. त्यांचा प्रश्न असा: तारेला चोराचा कान लागलेला आहे, सर्व्हरवरची पासवर्डची फाइलही चोराला वाचता येते, असं धरून चालू. मग पासवर्ड काही कामाचा उरतो का? उत्तर होकारार्थी आहे. ते समजायला आमच्या भागातल्या माणसाला जिनिंगपेक्षा दूर जावं लागत नाही.

बोंडातून वेचलेला कापूस जिनात गेला की रुई वेगळी निघते, सरकी वेगळी. उलटं काम करणारं यंत्र कुणी बनवलेलं नाही. रुई आणि सरकी समोर ठेवून त्यातून बोंड उभं करता येत नाही. गणितात अशी एकाच दिशेने चालणारी क्रिया असते. आकडा आत टाकला की दुसरा आकडा क्षणात बाहेर येतो, पण बाहेर आलेल्यावरून आतला काढणं व्यवहारात अशक्य. आता तुमच्याकडे एक गुपित आकडा आहे. तो या जिनातून एकदा काढा, आलेला पुन्हा टाका, असं शंभर वेळा करा. शंभरावा आकडा सर्व्हरला द्या. तो गुपित नाही, चौकात लिहून ठेवला तरी चालेल. लॉग-इनच्या वेळी सर्व्हर म्हणतो, नव्याण्णवावा सांग. तुम्ही घरी काढून आणलेल्या कागदावरून तो टाइप करता. सर्व्हर त्याला एकदाच जिनातून काढतो. शंभरावा मिळाला की तुम्ही खरे. आता सर्व्हर शंभरावा पुसून नव्याण्णवावा ठेवतो, आणि पुढच्या वेळी अठ्ठ्याण्णवावा मागतो.

कॅफेतल्या यंत्राने नव्याण्णवावा टिपून घेतला, तर त्याच्या हाती काय लागलं? त्यावरून शंभरावा काढता येतो, पण तो सर्व्हरला आधीच माहीत आहे आणि शिळा झाला आहे. अठ्ठ्याण्णवावा काढायचा तर जिन उलटा फिरवावा लागेल.

हे पहिल्यांदा कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. गुपित लपवण्याची धडपडच इथे सोडून दिली आहे. टाइप केलेलं चोरीला जाणारच, हे मान्य करून टाइप करायचं ते असं निवडलं आहे की चोरून उपयोग नाही. या पुस्तकातल्या बहुतेक सगळ्या युक्त्या याच एका विचाराच्या लेकी-नाती आहेत.

लॅम्पोर्टच्या कल्पनेला प्रत्यक्षात आणलं बेलकोर या अमेरिकी कंपनीतल्या मंडळींनी, 'एस-की' नावाने. त्यातला एक बारकावा मला फार आवडतो. निघालेला आकडा 64 बिटांचा. तो हाताने टाइप करायचा तर चुका ठरलेल्या. म्हणून त्यांनी 2048 छोट्या इंग्रजी शब्दांची यादी केली आणि प्रत्येक आकडा सहा शब्दांत मांडला. एका शब्दात 11 बिट, सहा शब्दांत 66. म्हणजे दोन बिट शिल्लक राहतात, ते टाइपिंगची चूक पकडायला लावले. परवलीच्या रांगेतसुद्धा माणसाच्या बोटांचा विचार करणारी ही वृत्ती मला थोर वाटते. देवनागरीत अशी 2048 शब्दांची यादी करावी, हा या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणातला स्वाध्याय आहे. जोडाक्षर नसलेले, दोन-तीन अक्षरी, आणि एकमेकांशी गफलत न होणारे शब्द निवडायला बसलात की भाषेबद्दलही बरंच काही कळेल.

पण या सुंदर रचनेलाही भोक आहे, आणि ते आपल्या तीन धामणगावांपाशी परत नेतं. समजा, आज तुमचा क्रमांक 87 आहे. तुम्ही भलत्याच सर्व्हरवर पोचलात, आणि तो म्हणाला, चाळिसावा सांग. घाईत तुम्ही कागदावरून चाळिसावा दिलात. आता तो खोटा सर्व्हर चाळिसाव्यावरून एक्केचाळिसावा, बेचाळिसावा, असं करत सत्त्याऐंशीपर्यंत सगळे आकडे स्वतः काढू शकतो, कारण ती दिशा जिनाची सुलट दिशा आहे. एका चुकीत सत्तेचाळीस आणखी किल्ल्या गेल्या. म्हणून नियम असा: मागितलेला क्रमांक मागच्याहून नेमका एकाने कमी आहे ना, हे कागदावर खूण करून बघायचं, आणि नसेल तर उठून जायचं. सर्व्हरने तुम्हाला ओळखणं जितकं गरजेचं, तितकंच तुम्ही सर्व्हरला ओळखणं. वर म्हटलेली 43 अक्षरांची ओळ चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, असं मी पुन्हापुन्हा सांगणार आहे, ते यासाठी.

दुसरं भोक घाईचं. तुम्ही शेवटचं अक्षर टाइप करेपर्यंत चोर थांबत नाही. तो शेवटच्या अक्षराचा अंदाज करून तुमच्या आधी दार ठोठावतो. केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी त्यांच्या 'ओटीपीडब्ल्यू' या रचनेत यावर साधी तोड काढली. एक पासवर्ड मागून तो पूर्ण होण्याआधीच दुसरं कुणी आलं, तर त्याला यादीतले कुठलेही तीन पासवर्ड एकदम मागायचे. शिवाय कागद हरवला तरी सगळं जाऊ नये म्हणून कागदावरच्या अक्षरांआधी डोक्यातला एक छोटा शब्द जोडायचा. कागद आणि डोकं, दोन्ही मिळून एक किल्ली. आपल्याकडे काही बँकांच्या डेबिट कार्डामागे अक्षरांखाली दोन-दोन आकड्यांची जाळी छापलेली असते, ती याच कुळातली.

फोनमधल्या ॲपवर दर 30 सेकंदांनी बदलणारे सहा आकडे आता सगळ्यांना माहीत झाले आहेत. त्याचा नियम 2011 साली ठरला. तिथे कागदावरच्या क्रमांकाची जागा घड्याळाने घेतली, एवढंच. त्यावर पाचवं प्रकरण आहे, पण ते मी मुद्दाम छोटं ठेवलं आहे. एसएसएचला असे आकडे मागायला लावणं हे तासाभराचं काम आहे, ते आजच करा.

आता अवघड भागाकडे येतो. हा भाग बहुतेक ठिकाणी सांगितलाच जात नाही. समजा, तुम्ही एकदाच चालणारा पासवर्ड दिलात, ठसा पडताळला, आत गेलात. पुढचा अर्धा तास कुणाचा? तुम्ही बटण दाबता, पण सर्व्हरकडे अक्षर पाठवतं ते समोरचं परकं यंत्र. तुम्ही दहा आज्ञा दिल्या आणि यंत्राने मधेच अकरावी स्वतःची घातली, तर सर्व्हरला ती तुमचीच वाटणार. तुम्ही 'एक्झिट' टाइप केलं, यंत्राने निरोपाची ओळ दाखवली आणि दार उघडंच ठेवलं, तर तुम्हाला कळणार कसं?

या प्रश्नाला आपल्या इतिहासात एक देखणं उत्तर आहे. शिवकालीन पत्रांवर वरती शिक्का असायचा, आणि मजकूर संपला की खाली मोर्तबाचा छोटा शिक्का. महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरं होती. मजकुराची हद्द इथे संपली, यापुढे कुणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यात दोन वेगळी कामं आहेत. शिक्का सांगतो कोण बोललं. मोर्तब सांगतं किती बोललं. लॉग-इन हा फक्त शिक्का आहे. परक्या यंत्रावरून गेलेल्या कामाला मोर्तब नसतं, आणि या विषयातली निम्मी दुखणी तिथून उगवतात.

2004च्या सुमारास 'स्टकाटो' नावाने ओळखल्या गेलेल्या घुसखोराने मधल्या यंत्राचा असाच फायदा घेतला. विद्यापीठांच्या यंत्रांवर खरा एसएसएच प्रोग्राम काढून तिथे पासवर्ड टिपणारी बदललेली प्रत बसवली. एका विद्यापीठातला संशोधक दुसरीकडे लॉग-इन करायचा आणि त्याच्यामागून घुसखोरही तिकडे पोचायचा. असं एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात तो अमेरिकेतल्या महासंगणकांपर्यंत गेला. 2019च्या एप्रिलमध्ये मॅट्रिक्स या संदेशसेवेच्या यंत्रणेत घुसलेल्याने वेगळा रस्ता धरला. सोयीसाठी आपल्या किल्लीचा अधिकार मधल्या यंत्राकडे पुढे पाठवण्याची जी रीत आहे, तीच त्याने पकडली. मधलं यंत्र फितूर झालं होतं आणि किल्ली तर तिथे हजर होती. ही रीत परक्या यंत्रावरून कधीच वापरू नका. मधल्या यंत्रातून जायचं असेल तर त्याला फक्त वाट द्यायला सांगा, किल्ली त्याच्या हाती देऊ नका. एसएसएचमध्ये त्यासाठी 2016 पासून सोपी सोय आहे.

मोर्तब नसेल तर मग करायचं काय? माझं उत्तर असं, आणि ते पुस्तकभर टिकून आहे: परक्या कीबोर्डावरून जाणाऱ्या स्वतःला कमी अधिकार द्यायचे. माझ्या प्रत्येक सर्व्हरवर एक 'तात्पुरतं' खातं आहे. त्याला तीनच गोष्टी येतात: सेवा चालू आहे का बघणं, ती बंद करून पुन्हा सुरू करणं, आणि नोंदींच्या शेवटच्या 50 ओळी दाखवणं. सर्व्हरवरच्या किल्ल्यांच्या फाइलमध्ये प्रत्येक किल्लीपुढे 'हिने एवढंच करायचं' अशी अट लिहिता येते, तेवढं पुरतं. लग्नघरी येणाऱ्या दहापैकी नऊ फोनांना या तीन गोष्टी पुरेशा होतात. दहाव्या फोनाला मी सांगतो, 'घरी पोचून बघतो', आणि खरंच घरी पोचून बघतो. 2007 साली माझ्याकडे हे खातं असतं तर चोराला आमची सेवा फार तर पुन्हापुन्हा सुरू-बंद करता आली असती.

पडद्याबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असतात, सगळ्यांना रुमाल दिसतो, आकडा कुणालाच दिसत नाही. दोन हात आणि त्यांवरचं कापड, एवढ्यात गुप्त बोलणं होतं. परक्या कॉम्प्युटरवर अडचण अशी की रुमालच दुसऱ्याचा आहे. सर्व्हरचा ठसा तुम्ही चिठ्ठीशी पडताळता, पण पडद्यावरची ती 43 अक्षरं लिहिली त्याच यंत्राने. बँकांचे पडद्यावरचे कीबोर्ड बटणं टिपणाऱ्यापासून वाचवतात, पडद्याचा फोटो काढणाऱ्यापासून नाही. 1994 साली मोनी नाओर आणि आदी शामीर यांनी एक विलक्षण कल्पना मांडली. पडद्यावर नुसता काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा धुरळा, आणि तुमच्या खिशात तशाच ठिपक्यांची एक पारदर्शक पट्टी. पट्टी पडद्यावर ठेवली की दोन्ही धुरळ्यांतून अक्षर उमटतं. यंत्राकडे अर्धाच मजकूर असतो, आणि अर्ध्यावरून त्याला काहीच कळत नाही. बेरीज होते ती माणसाच्या डोळ्यात. ही पट्टी झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या ट्रान्सपरन्सीवर घरी करता येते, आणि आठव्या प्रकरणात ती करायची आहे. पोरांच्या हातात ती द्या आणि पहिलं अक्षर उमटताना त्यांचे चेहरे बघा.

लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह बरोबर नेऊन त्यावरून परका कॉम्प्युटर सुरू करणं चांगलंच. आतला कचरा सगळा बाजूला राहतो. पण कीबोर्डाची वायर आणि डबा यांच्यामधे बटणं टिपणारा अंगठ्याएवढा खडा बसवलेला असेल, तर तो तुमच्या लिनक्सलाही ऐकतो. टेबलाखाली वाकून वायर कुठे जाते ते बघायला लाजू नका. आणखी एक, जे मला नोंदी वाचूनच कळलं: घाईत वापरकर्त्याच्या नावाच्या जागी पासवर्ड टाइप झाला, तर 'असा वापरकर्ता नाही' म्हणून तो सर्व्हरच्या नोंदींत उघडा लिहिला जातो. परक्या कीबोर्डावर, जिथे अक्षरं झिजलेली असतात, तिथे हे फार होतं. झालं तर घरी गेल्यावर तो पासवर्ड मेला असं समजा.

मग कुणी विचारेल, आज हे सगळं कशाला? 2016 नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, नेट कॅफे उठले, प्रत्येकाच्या खिशात स्वतःचं यंत्र आहे. बरोबर आहे, आणि पहिला सल्ला तोच: परक्या यंत्राला हात लावायच्या आधी आपल्या फोनवरून काम होतं का बघा. पण परकं यंत्र गेलेलं नाही, त्याने जागा बदलली आहे. स्टेशनकडून गावात येताना सेवा केंद्रांच्या पाट्या दिसतात. हंगामात तिथे रांग असते. पीकविमा, ई-पीक पाहणीची दुरुस्ती, डिजिटल सहीचा सातबारा. काउंटरच्या आतला मुलगा मान वर न करता विचारतो, 'भाऊ, ओटीपी आला का जी?' आणि बाहेरचा शेतकरी डोळ्यांपासून हातभर लांब फोन धरून सहा आकडे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातील असे वाचून दाखवतो. मुलगा प्रामाणिक असतो. मी त्यातल्या कित्येकांना ओळखतो, काहींना शिकवलं आहे. पण रचना पाहा: परका कीबोर्ड, परका माणूस, आणि कशासाठी आलेले आकडे आहेत हे न वाचता दिलेली किल्ली. मेसेजमध्ये आकड्यांच्या आधी लिहिलेलं असतं की हे कशाला हवेत. त्या ओळीत मोर्तबाचा थोडा अंश आहे, पण ती बहुतेकदा इंग्रजीत असते, आणि मोठ्याने वाचले जातात ते फक्त आकडे. ती ओळ मराठीत आणि आकड्यांच्या आधी ठळक यावी, यासाठी ज्यांच्या हातात काही आहे त्यांनी करावं, ही माझी कळकळीची मागणी आहे.

आणि केंद्रातल्या मुलाच्या बाजूनेही बघा. पटवाऱ्याच्या किंवा केंद्रचालकाच्या डिजिटल सहीचं डोंगल ही फार चांगली गोष्ट आहे, कारण खाजगी किल्ली त्या चिपच्या बाहेर येतच नाही. 2007 साली माझ्या पेनड्राइव्हवरून फाइल उतरली, तशी ती यातून उतरत नाही. पण डोंगल दिवसभर लावून ठेवलं आणि पिन कागदावर लिहून पडद्याला चिकटवला, तर किल्ली चोरायची गरजच काय? यंत्र स्वतःच सही करत बसेल. काम झालं की डोंगल काढून खिशात घालावं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठीही 2020 पासून एसएसएचमध्ये अशाच हार्डवेअर किल्ल्यांची सोय आहे, ज्यांवर प्रत्येक लॉग-इनला बोटाने स्पर्श करावा लागतो. नवव्या प्रकरणात दोन्ही एकत्र मांडल्या आहेत, कारण पटवारी आणि सर्व्हरचा रखवालदार यांचं दुखणं एकच आहे.

पुस्तक सलग वाचायलाच हवं असं नाही. गणिताची आवड असेल त्यांनी दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करावं, तिथे लॅम्पोर्टची साखळी कॅल्क्युलेटरवर करून दाखवली आहे. ज्यांच्यावर आत्ता कुणाच्या तरी सर्व्हरची जबाबदारी आहे त्यांनी आधी सातवं वाचावं आणि ते 'तात्पुरतं' खातं रात्री झोपण्याआधी बनवावं. केन थॉम्पसन यांच्या 1984 साली छापून आलेल्या व्याख्यानावरचं शेवटचं प्रकरण निवांतपणे वाचा. यंत्रावर विश्वास म्हणजे शेवटी ते घडवणाऱ्या माणसांवरचा विश्वास, हा त्यांचा मुद्दा पचायला मला काही वर्षं लागली. प्रत्येक प्रकरणाशेवटी करून बघायच्या गोष्टी आहेत, आणि त्या जुन्या कॉम्प्युटरवर, कॉलेजच्या लॅबमध्ये, इंटरनेट नसतानाही होतील अशाच निवडल्या आहेत. स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या यंत्रावरच करा. दुसऱ्याच्या यंत्रात विनापरवाना शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मी त्याची बाजू कधीही घेणार नाही.

पहिला स्वाध्याय इथेच देतो, त्याला प्रकरण वाचावं लागत नाही. घरच्या, खात्रीच्या कॉम्प्युटरवर बसा. आपल्या सर्व्हरच्या किल्लीचा ठसा काढा आणि 43 अक्षरं हाताने, चार-चारच्या गटांत, कागदावर उतरवा. शेवटी तीन उरतील. छोटं 'एल' आणि मोठं 'आय', शून्य आणि 'ओ', यांच्यात गफलत होईल, म्हणून शून्यात तिरपी रेघ मारा. कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घेऊन पडताळा. मग घडी घालून पाकिटात, रेल्वेच्या पासामागे ठेवा. माझी चिठ्ठी तिथेच असते. घडीवर फाटायला आली की नवी लिहितो.

धामणगाव रेल्वे
मकरसंक्रांत